वास आला की नत्र गेलं

खताच्या ऑफिसात काही वर्षं काढली की किस्से आपोआप साठत जातात. बाकीचे लोक कलकत्त्याच्या आठवणी निघाल्या की रसगुल्ल्यावर येतात, मी शेणावर येतो. बायको म्हणते, निदान जेवताना तरी नको!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. डमडमच्या पुढे आमचं छोटंसं ऑफिस होतं. पेंडसेसाहेब, मी आणि घोषालबाबू. गोठ्यांतलं शेणमूत पाण्यात कालवून भाजीला द्यायचं, पण त्यातलं नत्र हवेत उडू द्यायचं नाही, एवढंच आमचं काम. नत्र अमोनिया होऊन उडतं, आणि अमोनिया नाकाला लगेच कळतो. म्हणून साहेबांचं एकच पालुपद, "वास आला की नत्र गेलं." ऊन उतरल्यावर खत सरीत ओता, वर लगेच माती ओढा. मात्र या हंगामात शेतकऱ्यांनी हे उचललं नाही तर ऑफिस बंद, असं वरून बजावलं होतं. साहेबांचा जीव टांगणीला लागला होता.

*

गावात निमाई मंडलचा शब्द चाले. त्याचं म्हणणं, वास नाही तर ते खत कसलं? साहेबांनी त्याच्यासाठी चहा मागवला, कपावर बशी झाकली आणि सांगू लागले, वाफ जशी आत राहते तसं नत्र मातीखाली राहतं. सांगता सांगता साहेब रंगात आले. बऱ्याच वेळाने निमाईने बशी उचलून एक घोट घेतला.

"साब, ढक्कन तो था. फिर भी ठंडा हो गया."

*

वास तपासायचं काम घोषालबाबूंचं. रोज वाकून सरी हुंगायचे आणि म्हणायचे, "ओके सर." साहेब खूश! मग एकदा साहेबांनी त्यांना तपकिरीची डबी उघडताना पाहिलं. बाबू दिवसभर तपकीर ओढत. घरात इलिश मासा तळला तरी त्यांना बायकोने सांगावं लागायचं.

*

खत द्यायला संध्याकाळ हवी, वारा पडलेला हवा. नेमकी तशी संध्याकाळ मोठ्या फुटबॉल मॅचच्या दिवशी आली. बाबू ट्रान्झिस्टर गळ्यात अडकवून शेतात आले. गोल झाला, आणि बाबूंनी हातातली भरलेली बादली आनंदाने वर भिरकावली! साहेब डोक्यापासून न्हाले. चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "घोषालबाबू, जमिनीलगत ओतायचं ठरलं होतं ना?"

*

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पेंडसेवहिनींनी क्वार्टर्समागच्या वाफ्यातले फ्लॉवर वाण म्हणून लुटले. कलकत्त्यातल्या सगळ्या मराठी बायका गड्डा हातात आला की आधी नाकाशी नेत. वहिनी हळूच म्हणायच्या, "हुंगू नका हो, ह्यांना फार लागतं."

*

अखेर दिल्लीचे साहेब आले. ऑफिस ठेवायचं की नाही, ते हेच ठरवणार होते. निमाईने हो-नाही करत जमिनीचा एक तुकडा दिला होता, त्यात आदल्या संध्याकाळी आम्ही खत गाडलं होतं. पाहुणे नाकाला रुमाल लावून बांधावर उभे राहिले. मग रुमाल काढला. दोनदा श्वास घेतला.

"इथे कसलाच वास नाही. तुम्ही खत घातलेलंच नाही. सगळं कागदावर!"

पेंडसेसाहेब समजावायला लागले, पण पाहुणे ऐकेनात. तावातावाने स्वतःच वाफ्यात उतरले आणि त्यांचा उजवा पाय घोट्यापर्यंत सरीत रुतला. ते पाय उपसायला लागले तसा असा भपकारा आला की घोषालबाबूंनीसुद्धा नाक धरलं.

तेवढ्यात पलीकडून निमाई हात जोडत धावत आला.

"साब, पाँव मत निकालिए! नाइट्रोजन भाग जाएगा!"