येते म्हणजे किती वाजता

मावशी त्या खोलीत मुलं सांभाळायला आली ती सुट्टीपुरती, दोन महिन्यांच्या बदलीवर. राहिली एकोणीस वर्षं. शाळा सुटल्यावर ज्यांना घरी एकटं ठेवता येत नाही अशी दहा-बारा मुलं दुपारी अडीचला तिथे व्हॅनमधून उतरायची. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी पायाला पट्टे बांधून, कुणी नुसतेच कान झाकून. सुट्टीत तर सकाळी नऊपासूनच. मावशी तोंडाने फटकळ, पण दुधात बिस्किट किती भिजलं म्हणजे कुणाच्या घशाखाली नीट उतरतं, हे तिच्या बोटांना पाठ होतं. आजही त्या दिवसांचं काही निघालं की तिला आधी आठवते ती वकीलबाई.

वकीलबाई म्हणजे एका शिंप्याची धाकटी मुलगी, आली तेव्हा नऊ वर्षांची. बोललेला शब्द जसाच्या तसा धरायची, म्हणून हे नाव. "माझं डोकं खाऊ नकोस गं," असं मावशी एकदा म्हणाली, तर तिने हातातलं बिस्किट वर करून दाखवलं. "मी हे खातेय." पाच मिनिटं थांब म्हटलं की घड्याळापुढे उभी. सहावं मिनिट लागलं की मावशीची धडगत नसे.

पहिल्याच आठवड्यात मावशी कधी नव्हे ती लवकर निघाली. दारातून सवयीने म्हणाली, "येते हं." झालं. पोरगी पायरीवर जाऊन बसली. पाचला बाप न्यायला आला, तर उठेना. त्याने समजावलं, दटावलं, शेवटी हात जोडले. पाऊण तास गेला. वॉचमनने विचारलं, "कोणाची वाट बघतेस?"

"मावशीची. येते म्हणाली ना."

दुसऱ्या दिवशी वॉचमनने हे मावशीला सांगितलं. निघताना जाते म्हणू नये, हे ती आईचे पाठीत धपाटे खाऊन शिकली होती. तरी त्या दिवसापासून ती वकीलबाईंसमोर उकिडवी बसून स्पष्ट सांगायची, "जाते. उद्या अडीचला येते." तिथे कामाला असलेल्या बाकीच्या बाया शहारायच्या.

"अहो, काय हे अभद्र बोलता?"

"शुभ बोलून पोरीला पायरीवर बसवू?" मावशी म्हणायची. नऊ वर्षांत तिने दिलेली वेळ एकदाही चुकवली नाही. अंगात ताप असला तरी यायची.

खोली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचीच. वकीलबाईंना अठरा वर्षं पूर्ण झाली आणि शिंपी तिला घेऊन मोठ्या मुलीकडे, परगावी राहायला निघाला. मावशीच्या जिवाला घोर लागला. शेवटच्या दिवशी या पोरीला सांगायचं काय? जाते म्हटलं की ती वेळ विचारणार, आणि द्यायला वेळच नव्हती. खोटी दिली तर ती परक्या गावात पायरीवर बसणार.

तो दिवस आला, पाच वाजले. मावशी गुडघे धरत उकिडवी बसली आणि पोरीच्या बॅगेची चेन पुन्हा पुन्हा लावत राहिली. शेवटी पोरगीच बॅग खांद्याला लावून म्हणाली, "मावशी, येते."

"किती वाजता?" मावशीच्या तोंडून निघून गेलं.

वकीलबाईंनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. "असंच म्हणतात," ती म्हणाली आणि बापाबरोबर चालू लागली.

"तिच्या ताईने शिकवलंय," शिंपी ओशाळून म्हणाला.

बाकीची मुलं गेली, खोली आवरून झाली, तरी मावशी पायरीवर बसून होती. वॉचमन कुलूप घेऊन आला.

"मावशी, कोणाची वाट बघताय?"

"येते म्हणाली ना," मावशी म्हणाली.