ओळंब्याची दोरी
ओल्या सिमेंटचा वास आला की मला कोल्हारच्या घरातली एक सकाळ आठवते. माझे वडील गवंडी. त्या वर्षी जोडीदाराने रचलेली भिंत त्यांनी वाकडी म्हणून पाडायला लावली, आणि नंतर दुसरीकडे ओळंबा सोडला तर त्याची दोरीच मधे वाकलेली दिसली. वजन टांगलेली दोरी वाकत नसते, म्हणून खोट डोळ्यात आहे हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळलं. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढून पाझरताहेत, इंजेक्शनं घेत राहावी लागतील. तिसऱ्या इंजेक्शननंतर, त्या सकाळी, वडिलांनी दाराच्या चौकटीला ओळंबा टांगला, चांगला डोळा तळहाताने झाकला आणि बराच वेळ बघत राहिले. आईचं लाटणं थांबलं. "सरळ हाय," ते म्हणाले, "त्याला फोन लाव. म्हणावं, तुझी भिंत बी सरळच हुती." इंजेक्शनासाठी नगरची फेरी अजून चालूच आहे. ओळंबाही तिथेच लटकतोय. रोज उठल्यावर वडील एक डोळा झाकून त्याच्यासमोर उभे राहतात, आणि "चहा टाक" म्हणाले की आम्ही कामाला लागतो.