मॅडमचे मिस्टर

आमच्या क्वार्टरमध्ये टीव्हीच्या शेजारी एक काचेचं कपाट आहे. त्यात पूर्वी एक स्टीलचा डबा असायचा. सुरक्षा सप्ताहातल्या प्रश्नमंजूषेत मी पहिला आलो होतो, त्याचं ते बक्षीस, झाकणावर माझं नाव कोरलेलं. आता त्या कपाटात बायकोची स्मृतिचिन्हं आहेत. काही लाकडी, काही काचेची, एक माशाच्या आकाराचं, आणि एक कशाच्या आकाराचं आहे ते अजून कुणालाच सांगता आलेलं नाही. डबा स्वयंपाकघरात गेला. त्यात तूरडाळ असते. कपाटात जागाच उरली नाही, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं, म्हणून तर जास्त राग आला.

ती माशांवर संशोधन करते. बाजारात येणाऱ्या मोठ्या माशांवर नाही, आमच्या भागातल्या गावतलावांत जे बोटभर देशी मासे असतात, त्यांच्यावर. ते कोणत्या गवतात अंडी घालतात, तलाव साफ करायच्या नादात ते गवत उपटून टाकलं की मासे कसे नाहीसे होतात, असल्या गोष्टींत तिचं तारुण्य गेलं. विद्यापीठात आता तिच्या हाताखाली मुलं पीएचडी करतात. मी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात बॉयलरवर. पाणी आलं की त्याची वाफ करायची, एवढाच माझा पाण्याशी संबंध.

यंदा विद्यापीठानं उत्कृष्ट संशोधक म्हणून तिचा गौरव केला. निमंत्रण तिच्या नावानं आलं आणि खाली सगळ्यांना छापतात तोच मजकूर: सपत्नीक उपस्थित राहावे. म्हणजे पत्नी मीच. गेलो. जो तो मला 'मॅडमचे मिस्टर' म्हणून दुसऱ्याला दाखवायचा, तो दुसरा माझा हात हातात घ्यायचा आणि माझ्या खांद्यावरून मागं पाहायचा, मॅडम कुठं आहेत म्हणून. मी कंट्रोल रूममध्ये शिरलो तर पोरं खुर्ची सोडतात. तिथं मला कुणी नावसुद्धा विचारलं नाही. गुलाबजाम चांगले होते, तेही मी रागातच खाल्ले.

सोबतच्याचं प्रमोशन झालं तर माणूस टपरीवर चहा पीत चार वाकडे शब्द बोलतो आणि मोकळा होतो. बायकोचं कौतुक झालं तर कुणापाशी बोलायचं? लोक पेढे मागतात. मी पेढे वाटले आणि आतल्या आत जळत राहिलो. सभ्य शब्द शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण मी जळत होतो, दुसरं काही नाही.

मग मूल शहराच्या पुढच्या एका गावातून निरोप आला. तिथल्या मच्छीमार सोसायटीला तिचा सत्कार करायचा होता. तिचं काम सुरू झालं ते ह्याच गावच्या तलावावर, आणि तिथं तिला पहिल्यांदा नेलं ते मी. पहिली शिफ्ट संपवून, घाईघाईत अंघोळ करून, मागं तिला बसवून मी बाइक काढायचो. तिच्या मांडीवर बरण्या, हँडलला जाळीची पिशवी. तलावावर पोचलो की ती चपला काढायची आणि साडी खोचून पाण्यात शिरायची. मी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मोहाच्या झाडाच्या सावलीत. एकदा तिची एक चप्पल कुत्र्यानं पळवली आणि ती अनवाणी घरी आली. तेव्हापासून चपला माझ्याजवळ द्यायच्या, मी त्या घेऊन बसायचं, असं ठरून गेलं. कुणी ठरवलं ते आठवत नाही. ती पाण्यात मासे धरणाऱ्या ढिवर बायांशी हसत-खिदळत असायची, मी पाळीवर डुलक्या घेत. डिपार्टमेंटची जीप फार उशिरा आली.

म्हणून ह्या सत्काराला मी मनाशी एक गोष्ट धरून गेलो. विद्यापीठात वेळ कमी होता, व्यासपीठावर मोठी माणसं होती, तिथं नाही जमलं, समजू शकतो. पण ह्या गावात, ह्या तलावाच्या काठी, ती माईकवरून माझं नाव घेईल. घ्यायलाच पाहिजे. मला शाल नको होती, नारळ नको होता. तिच्या तोंडून, चार लोकांत, नाव. मी शर्टाला दोनदा इस्त्री केली.

तिला पीएचडीला मार्गदर्शन केलेले सर नागपूरहून आले होते, आता निवृत्त आहेत. विद्यापीठाच्या गाडीत ते आणि ती मागं बसले, मी ड्रायव्हरच्या बाजूला. वाटभर दोघं गवतावर बोलत होते.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. आधी बायांनी तिची ओटी भरली, तांदूळ, नारळ, खण. मग सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष शाल घेऊन उठले, तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि तिथंच थबकले. शाल अर्धी उघडलेली, हात अधांतरी. दुसऱ्याच्या बायकोच्या अंगावर वस्त्र घालायचं त्यांच्यानं होईना.

"मॅडमले आमी शाल कशी पांघरू जी?" ते माईकच्या जवळच बोलले, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "भाऊले बोलवा."

भाऊ म्हणजे मी. मला वर नेलं, तिच्या बाजूला उभं केलं आणि तिच्या संशोधनाची शाल माझ्या खांद्यावर आली. टाळ्या पडल्या. सर मिशीत हसले. ती खाली पाहत होती, हसू दाबत असावी. मी नको म्हणायला हवं होतं का? असेल. पण मला फार बरं वाटलं. शाल गुळगुळीत होती, सारखी घसरायची, मी सारखी सावरायचो, आणि मला व्यासपीठावरच एक खुर्ची मिळाली.

मग ती बोलायला उठली आणि मी कान टवकारले.

ती छान बोलते, हे मला कबूल आहे. तिनं सरांचे आभार मानले. विद्यापीठाचे मानले. ज्या बायांनी तिला जाळं कसं धरायचं ते दाखवलं, त्यांच्या कितीतरी आठवणी सांगितल्या, बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तलावाचे आभार मानले. आता मी, असं मला वाटलं, आणि मी शाल नीट केली. तिनं जीपचे आभार मानले. चिखलात फसायची पण कधी दगा दिला नाही म्हणे. जीपचे! शेवटच्या दोन वर्षांत आलेली ती खटारा जीप! माझ्या बाइकचं नाव नाही, माझंही नाही. नमस्कार करून ती खाली बसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि अंगावर तिचीच शाल.

जेवायला मासे आणि भात होता. वाढणाऱ्या बायांपैकी एकीनं मला निरखून पाहिलं आणि दुसरीला म्हणाली, "हे तं मॅडमच्या चपला राखनारे भाऊ हायेत ना?" दुसरीला लगेच पटलं. तिनं माझ्या ताटात एक तुकडा जास्त टाकला. शेजारी बसलेले सर, सभ्य माणूस, काहीतरी विचारायचं म्हणून म्हणाले, "तुम्हीही मासे ओळखता का?"

"नाही सर," मी म्हणालो, "मी चपला ओळखतो."

ते मोठ्यानं हसले. मला हसू आलं नाही. तिथंच, उष्ट्या हातानं, मी मनात ठरवलं की आजपासून चपला बंद. कुत्र्यानं नेल्या तर नेल्या. एवढ्या मोठ्या संशोधक बाईला नव्या चपला परवडतात.

जेवणं झाल्यावर सरांना तलाव पाहायचा होता. सगळे पाळीवर आलो. पुढं ती आणि सर, मागं अध्यक्ष, बाया, सगळ्यात मागं मी. ह्याच कोपऱ्यात गवत जिवंत राहिलं, म्हणून इथं मासे राहिले, असं ती सांगत होती. एक मासा धरूनच दाखवते म्हणाली. बोलता बोलता तिनं साडी खोचली, पायातल्या चपला काढल्या, एका हातात उचलल्या आणि हात मागं केला.

मागं वळून पाहिलं नाही. तिचं सरांशी बोलणं सुरूच होतं. हात तसाच मागं, हवेत, चपला लोंबत्या. मी जागचा हललो नाही. अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. बायांनी पाहिलं. तिचं वाक्य संपलं, दुसरं सुरू झालं, हात खाली आला नाही. आपण मागं हात केला आणि तिथं हा माणूस नसेल, अशी शंका त्या हाताला शिवलेलीच नव्हती. जरा जरी थरथरला असता तरी मी ठाम राहिलो असतो.

मी पुढं जाऊन चपला घेतल्या. ती पाण्यात उतरली.

बायाही तिच्यामागं शिरल्या. त्यांचं तेच जुनं हसणं सुरू झालं आणि मी तोच, पाळीवर, मोहाखाली, फक्त ह्या वेळी शाल पांघरून. छातीत असं काही भडकलं की बॉयलर बरा. त्या पाण्यात काय आहे, ते इतक्या वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं. बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि निघालो. पाणी गार होतं. चिखल बोटांतून वर येत होता, गवत पोटऱ्यांना गुंडाळत होतं. मागून अध्यक्ष काहीतरी ओरडले, मी लक्ष दिलं नाही. एकदा घसरलो, सावरलो, आणि तिच्यापर्यंत पोचलो.

तिच्या ओंजळीत पाणी होतं आणि त्या पाण्यात काहीतरी चमकत होतं. तिनं वर पाहिलं. आधी माझ्याकडं, मग माझ्या मागं, पाळीवरच्या मोहाकडं, जिथं कुणीच नव्हतं. तिचा चेहरा उतरला.

"तुमी इथी आले?" ती म्हणाली. "मंग चपला?"

मी हात वर केला. दोन्ही चपला हातातच होत्या, कोरड्या. शाल मागं कुठंतरी पाण्यावर तरंगत होती.