दुसरी किल्ली

रागात केलेल्या निम्म्या गोष्टींचा मला कधी पस्तावा झाला नाही. ही उरलेल्या निम्म्यातली.

आमचं घर कर्जतजवळ, कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर आहे. अंगण एक, दारं दोन. एका दारात मी. दुसऱ्यात थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलगी. नवरा गुजरातेत नोकरीला, दोन महिन्यांनी चार दिवस उगवणार. मी खोपोलीजवळ साजगावला एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. गाडी घेतली ती माझ्या पगारातून, आणि हे दिरांना खुपतं असं मी पहिल्या दिवसापासून धरूनच चालले होते.

पुतणीने खोपोलीच्या एका हॉस्पिटलात नर्सिंगच्या कोर्सला नाव घातलं होतं. हजेरी सकाळी सातला, आणि हजेरीच्या बाबतीत तिथली मोठी सिस्टर कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. आमच्याकडची रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही आणि भरता भरता साडेसात होतात. म्हणून ती माझ्या गाडीत यायची. डबा मांडीवर, वही उघडी, कर्जत येईपर्यंत हाडांची नावं घोकत बसायची.

आमच्या घरात एक रीत आहे. कुठल्याही कुलपाची दुसरी किल्ली थोरल्याच्या लोखंडी पेटीत राहते. गाडी आली तेव्हा सासूबाई होत्या. त्यांनी माझ्या हातातून दुसरा रिमोट घेतला आणि दिरांच्या हातात ठेवला. ते माझ्या मनात राहिलं.

दसरा झाला, भाताची कापणी आली. दीर म्हणाले, "गाडी जरा भाईर लाव गं, अंगणात भात वाळवायचा हाय." मी म्हटलं, अंगण माझंही आहे. त्यांनी मान हलवली आणि गाडी सोडून उरलेल्या जागेत भात पसरला. दुसऱ्याच दिवशी सकाळी पाहते तर गाडीचे आरसे उघडलेले. रात्री मी लॉक केली की ते मिटतात. दार ओढलं, उघडं. तिसऱ्या दिवशीही तेच.

मग रिमोटच चालेना. पुतणी डबा घेऊन उभी, मी बटण दाबतेय, गाडी ढिम्म. कर्जतच्या घड्याळवाल्याकडून नवा सेल घातला; दोन दिवस चालला, पुन्हा मेला. आणखी एक घातला, तोही गेला. ऑफिसात कुणी म्हणालं, भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या मोठ्या तारांमुळे होत असेल. अहो, तारा काय दसऱ्यानंतर आल्या का? एका बाईने मात्र विचारलं, "दुसरी किल्ली कोणाकडे आहे?" तिथे माझं डोकं फिरलं.

संध्याकाळी घरी आले ती थेट दिरांच्या दारात. म्हटलं, माझी किल्ली द्या, आणि रात्री माझी गाडी उघडायचा हा आचरटपणा बंद करा. जाऊबाई हातातलं सूप खाली ठेवून बघत राहिल्या. दीर म्हणाले, "मी तिला हात पन लावला नाय." पेटीतून त्यांनी रिमोट काढून दिला. फडक्यात गुंडाळलेला, वर दोरा. मी म्हटलं, गुंडाळायला काय, रोज गुंडाळता येतं.

त्या दिवसापासून मी दुसरा रिमोट वापरायला लागले. जुना, मेलेला, ड्रॉवरमध्ये टाकला. आणि गाडी सुतासारखी सरळ. आरसे मिटलेले, दारं बंद. झालं, मला याहून कसला पुरावा हवा होता?

आता दिरांना धडा शिकवायचा होता. त्यांच्याशी बोलणं बंद केलं, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. अंगणाच्या बरोबर मधोमध गाडी लावली. त्यांनी भात गच्चीवर नेला. मग मी विचार केला, आणि मला उत्तर सापडलं. त्या माणसाचा जीव फक्त एका गोष्टीत होता. मुलगी पांढऱ्या कपड्यात घरातून निघाली की ते दात घासायचे थांबून बघत राहायचे.

दुसऱ्या दिवशी मी दहा मिनिटं आधी निघाले. आरशात पुतणी दिसली, डबा घेऊन फाटकापर्यंत पळत आलेली. मी थांबले नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. कर्जतपर्यंत बरं वाटत होतं.

ती रिक्षाने जायला लागली. रोज उशीर. दीर शेजारच्याची मोटारसायकल मागून चार दिवस सोडायला गेले, मग शेजाऱ्याने हात वर केले. महिन्याभरात सिस्टरने तिला कोर्समधून काढून टाकलं. मला जाऊबाईंच्या रडण्यावरून भिंतीपलीकडून कळलं. मी मनात म्हटलं, घ्या, उघडा आता गाडी.

पौषात कधीतरी, जोडीला असावा म्हणून जुना रिमोट मी खोपोलीच्या किल्लीवाल्याकडे दुरुस्तीला नेला. त्याने तो पात्याने उघडला, आत फुंकर मारली आणि माझ्यापुढे धरला. "ताई, याची पूजा केलीत?"

आत लाल-पिवळा चिखल वाळून घट्ट झाला होता. हळद, कुंकू आणि तांदळाचा एक दाणा. दसऱ्याला गाडीची पूजा झाल्यावर मीच रिमोट पाटावर ठेवला होता, ओल्या बोटाने ठसठशीत कुंकू लावलं होतं. तो म्हणाला, "उघडायचं बटण आत चिकटलंय. घरात बसल्या बसल्या हाच तुमची गाडी उघडत होता. सेलही त्यानेच खाल्ले."

गाडीत येऊन बसले. कबूल करू नये असंही मनात आलं. कोणाला कळणार होतं? पण आरशात पाहिलेली, फाटकापर्यंत पळत आलेली पुतणी डोळ्यांपुढून जाईना.

सकाळी मी दिरांच्या दारात गेले आणि सगळं सांगितलं, कुंकवासकट. म्हटलं, पुढच्या बॅचला नाव घाला, मी रोज सोडीन, सातच्या आधी सोडीन. पुतणी आतून बाहेर आली. अंगात कंपनीचा निळा कोट होता. आठवड्यापासून ती पॅकिंगच्या कामाला जात होती, कंपनीची बस न्यायला नाक्यावर यायची.

"नको काकी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. "भांडण तुमचं नि बाबांचं व्हतं. मी तुमच्या शेजारी बसायची, मला एकदा इचारलं पन नाय. परत राग आला तर परत मलाच उतरवाल."

ती चपला घालून नाक्याकडे निघाली. मी दिरांकडे पाहिलं. त्यांनी मला बसायला पाट दिला.