चटणीच्या पुड्या

लसणीची शेंगदाणा चटणी कुठं कुटली जात असली, की मला भूक लागत नाही, राग येतो. कॉलेजात असताना मी चार दिवस इंदापूरला आत्याकडं गेले होते, सोबत लायब्ररीतली जाडजूड रहस्यकथा. माहेरच्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवणं आत्याच्या लेखी पाप, म्हणून निघताना तिनं पिशवी भरून दिली. बारामतीच्या एसटीत खिडकी मिळाली, बाहेर ऊस मागं पळत होता, खुनी आता सापडणारच होता, आणि खूण घातलेल्या पानापुढं पुस्तकच नव्हतं. नुसता पुठ्ठा! पिशवीत हात घातला तर त्याच पानांच्या सहा पुड्या. मी तिथूनच आत्याला फोन लावून ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "अगं, वाचून झाल्याली पानंच फाडली की म्या, खूण बघून. जेवल्यावर पत्रावळ कुणी जपून ठेवतं व्हय?" तिला वाचता येत नव्हतं, खुणेची वाचलेली बाजू कुठली हे तिनं आपलं अंदाजानं ठरवलं होतं. मी रुमालावर चटणी ओतून एकेक पान उलगडलं, पण तेलानं दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांत शिरली होती. खुनी मला आजवर कळलेला नाही, आणि लायब्ररीत मान खाली घालून मीच उभी राहिले. आता जाताना मी रद्दीचा गठ्ठाच नेते. पुडी बांधण्याआधी आत्या दरवेळी विचारते, "वाचून झालंय न्हवं समदं?" आणि माझं डोकं पुन्हा तापतं. हे एवढंच त्या दिवशी विचारायला काय झालं होतं!