धुऱ्याची रेघ

पुण्यातल्या कंपनीने मला फोनवरच निवडलं, तेव्हा बाबांना पहिल्यांदा संशय आला.

"सोयरीक जुळवायची तं दोन्हीकडचे लोक घर पाहायला जातेत. हे तुला न पाहताच घेऊन राहिले. काहून?"

मलाही तसंच वाटत होतं. मुलाखत फोनवर, जेमतेम वीस मिनिटांची. वर, येताना मूळ गुणपत्रिका आणा म्हणाले. मूळ कशाला? आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे हे विचारायचं कुणाला, तेही कळत नव्हतं. मी उपग्रहाच्या फोटोंवरून संगणकावर नकाशे करायला शिकलो होतो. तसंच काम हिंगोलीतही कंत्राटावर मिळत होतं, शेतांच्या नकाशांचं. तिथून दर शनिवारी साखऱ्याला घरी येता आलं असतं.

बाबांचं मत पक्कं होतं. "हिंगोलीलाच राहा. घरचं माणूस मोजणीत असलं तं बरं पडतं."

बरं पडतं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

आमच्या आणि काकाच्या वावरांच्या मधोमध धुरा आहे. हा गवताचा पट्टा कुणीच नांगरायचा नसतो. पण नांगरताना एखादं तास, म्हणजे नांगराची एक ओळ, पट्ट्याच्या आत घेतलं, की धुरा तेवढा सरकतो. काका धुरा कोरतो, हे मी लहानपणापासून जेवताना ऐकत आलो होतो. त्या आठवड्यात सरावासाठी म्हणून मी मोबाइलच्या जीपीएसवर रेघ नोंदवत धुऱ्यावरून चाललो, तर काका तिथल्या कडुलिंबाआड उभाच.

"काय सायेब, मोजून राहिले का?"

"नाही काका, सराव करतोय."

"सरावाला घरचाच धुरा सापडला व्हय? कोणी सांगितलं तुला?"

मला राग आला. चोराच्या मनात चांदणं, असं मनाशी म्हणत मी घरी आलो आणि आमच्या वावराचे उपग्रहाचे जुना आणि नवा असे दोन फोटो एकावर एक ठेवले. काकाला एकदा दाखवूनच द्यायचं होतं. जुन्या फोटोवर धुऱ्याची रेघ ओढली, मग नव्यावर. दोन रेघा जुळल्या नाहीत. लिंबापाशी धुरा चांगला दोन ढांगा सरकला होता, पण काकाच्या बाजूला. म्हणजे वाढलं होतं ते आमचं वावर.

आधी मी फोटोवरच संशय घेतला. फोटो बसवताना सरकतात, म्हणून न हलणारी एखादी खूण ताडून पाहा, असं आमचे सर सांगायचे. मी आमच्या वावरातली विहीर पाहिली. ती दोन्ही फोटोंत एकाच जागी होती. तरी मी तीन वेळा पाहिली.

दुपारी बाबा भाकरी खायला बसले तेव्हा लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. "फोटू तिरपा असंल."

"विहीर बराबर आहे, बाबा."

त्यांनी तोंडातला घास गिळला. "तुला हेच शिकवलं का तिथं?"

मी लॅपटॉप मिटला. हिंगोलीत राहिलो तर आज ना उद्या बाबा ही रेघ मलाच ओढायला सांगतील, आणि ती कुठून ओढायची तेही सांगतील, एवढं मला कळलं.

"मी पुण्याला जातो," मी म्हणालो.

"जाय," बाबा म्हणाले. मग हळूच, "काकाला दाखवू नको."

मी दाखवलं नाही. लोक विचारतात तेव्हा सांगतो, पुण्यात शिकायला जास्त मिळतं. ते खोटं नाही, पण तेवढंच खरं आहे का, याची मला शंका आहे.

निघालो त्या दिवशी काका फाट्यावर भेटला. माझ्या हातातली बॅग त्यानेच एसटीत चढवली.

"चालला? बरं झालं लेका. इथं राहिला असता तं मला तुझ्यावर ध्यान ठेवावं लागलं असतं," असं म्हणून तो मोठ्यांदा हसला.

मीही हसलो. आणि लॅपटॉपची पिशवी त्याच्या बाजूच्या खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर घेतली.