दम धरा म्हणायचं नाही

आमच्या ह्यांना दम लागायला लागला तेव्हा आधी मी त्याला नाटक म्हटलं. खोटं कशाला बोलू? भाजीची पिशवी वर आणायची म्हटलं की हे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसणार, आणि शेजारी गप्पा मारायला आला की त्याच पायरीवर तासभर बोलणार. कामाला दम नाही आणि चकाट्या पिटायला आहे, असा माझा हिशेब. बसल्यावर माणसाला बोलता येतं आणि चढताना येत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला दोन वर्षं गेली.

हे फर्निचरला पॉलिश करायचे. अडतीस वर्षं लोकांची दारं, टेबलं, कपाटं चकाकवली. फवारा मारताना नाकाला रुमाल बांधायचे आणि मध्येच तो खाली ओढून सिगारेट ओढायचे. मी म्हणायचे, बांधता तरी कशाला, तेवढं माझं धुणं वाचेल. कुणाकडेही गेले की पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी टेबलावरून तळवा फिरवायचे आणि म्हणायचे, "घाईत केलंय." माझ्या माहेरची निम्मी माणसं ह्या दोन शब्दांनी तोडली त्यांनी.

मग डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं पार खराब झाली आहेत, आता ती सुधारायची नाहीत. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. त्याची नळी इतकी लांब की हे स्वयंपाकघरापर्यंत यायचे, माझ्या चुका काढायला. आणि एका वर्षात तीनदा त्यांना अॅम्ब्युलन्समधून न्यावं लागलं. तिन्ही वेळा फोन मीच केला.

पहिल्या वेळची गोष्ट सांगते. श्वास पुरेना, खुर्चीचे हात आवळून धरलेले, आणि मी पाठ चोळत ओरडतेय, "दम धरा, अहो जरा दम धरा!" म्हणजे धीर धरा, गाडी येतेच आहे. चव्वेचाळीस वर्षांत ज्या माणसानं माझं एक ऐकलं नाही, त्यानं नेमकं तेव्हा ऐकलं. तोंड घट्ट मिटलं आणि खरोखरच दम धरून बसले! डोळे बाहेर, ओठ जांभळे. ते बघून मी आणखी मोठ्यानं, "दम धरा!" दोन दिवसांनी हॉस्पिटलात जरा बरं वाटल्यावर मी विचारलं, श्वास का कोंडलात? तर म्हणे, तूच सांगितलंस.

हॉस्पिटलात तोंडावर घट्ट मास्क होता. हे तो ओढून काढायचे, म्हणून त्यांचे हात पट्टीनं कॉटला बांधले. तिथल्यांचं तरी काय चुकलं? पण हात बांधलेले आणि तोंडही बांधलेलं, असे ते माझ्याकडे बघत राहिले. घरी आल्यावर म्हणाले, मला परत तिकडे नेऊ नकोस. मी म्हटलं, नाही नेणार. दोन महिन्यांत नेलं. मग पुन्हा शपथ घेतली आणि पुन्हा नेलं. तिसऱ्या वेळेनंतर ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दमामुळे नाही, रागामुळे. दोन्हीतला फरक बायकोला कळतो.

त्यानंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरी एक सिस्टर यायला लागल्या, मंगळवारी आणि शुक्रवारी. बुटक्या, चष्मेवाल्या, स्कूटरवरून येणाऱ्या. आल्या आल्या हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि ह्यांचा पहिला शब्द निघाला, "चरा पडेल." सिस्टरनी मुकाट्यानं ते जमिनीवर ठेवलं. त्यांनी ह्यांना विचारलं की सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, तर ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. झालं, दोघांचं जमलंच.

माझं मात्र डोकं फिरलं होतं. औषध लागू पडत नाही अशा माणसासाठी ह्या येतात, असं लेकीनं मला सांगितलं होतं. मी सरळ विचारलं, "म्हणजे तुम्ही ह्यांच्या मरणाची तयारी करायला आलात का?"

त्या म्हणाल्या, "मरायचं तेव्हा मरतील, तुम्ही-आम्हीही मरू. तोवर ह्यांना घरी नीट बसता यावं, चहा पिता यावा, एवढ्यासाठी मी येते. त्यात तुमची मदत लागेल."

मदत मागितली म्हटल्यावर मी चहा टाकला.

माझी 'दम धरा'ची हकिगत ऐकून त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या की आजपासून ह्या घरात दम धरा म्हणायचं नाही. ह्या दुखण्यात शिळी हवा आतच अडकून बसते, ती बाहेर पडेना म्हणून ताजीला जागा होत नाही. तेव्हा श्वास सोडायचा, हळूहळू, गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून. पुढे वाकून कोपरं टेबलावर टेकायची, खिडकी उघडायची, छोटा पंखा तोंडासमोर धरायचा. तरीही घुसमट थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध पिचकारीनं मोजून द्यायचं आणि सिस्टरना फोन करायचा. लेकीनं हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून काढलं. तो कागद कपाटावर चिकटवायला गेली तर ह्यांनी हात आडवा केला. चिकटपट्टीनं पॉलिश निघतं म्हणे! कागद शेवटी आरशावर गेला आणि मी महिनाभर निम्म्या चेहऱ्यानं वेणी घातली.

दम शब्द सोडायचा म्हटल्यावर कळलं की आपलं त्याच्यावाचून पानच हलत नाही. लेक मला म्हणायची, आई, जरा दमानं घे, आणि जीभ चावायची. नळ दुरुस्त करणाऱ्याला मी दारात दम भरला की हे आतून टिचकी वाजवायचे. नियम मोडला!

सिस्टरची श्वास मोजायची रीत न्यारीच. ह्यांना म्हणायच्या, बायकोबद्दल एक तक्रार सांगा, एका श्वासात, आणि बोटांवर शब्द मोजायच्या. पहिल्या मंगळवारी हे म्हणाले, "ही चहात साखर घालत नाही आणि विचारलं की डॉक्टरांचं नाव सांगते." अकरा शब्द. मी स्वयंपाकघरातून भांडं आपटलं. पण पुढे आठ झाले, मग सहा, आणि मलाच धाकधूक व्हायला लागली. मी मुद्दाम खोड्या काढायला लागले. त्यांचं वर्तमानपत्र उलटं घडी घालून ठेवायचं, टेबलावर ओला पेला ठेवायचा. म्हटलं, चिडतील तर लांब बोलतील. ओल्या पेल्यावर एकदा नऊ शब्द निघाले आणि मी आत जाऊन रडले. आनंदानंच, दुसरं काय.

एका शनिवारी सकाळी आंघोळीनंतर त्यांना धाप लागली. आंघोळ म्हणजे त्यांना डोंगर चढण्यासारखं. लेक आलेलीच होती. आम्ही दोघींनी त्यांना टेबलाशी बसवलं, नळी लावली, खिडकी उघडली, पंखा धरला. तरी घुसमट वाढतच गेली. ओठ जांभळे पडायला लागले. लेकीनं फोन काढला आणि म्हणाली, "आई, मी अॅम्ब्युलन्सला लावते."

माझ्याही तोंडातून 'लाव' निघणारच होतं. तेवढ्यात हे त्या फोनकडे बघायला लागले. माझ्याकडे नाही, फोनकडे, आणि दोन्ही हात त्यांनी टेबलाखाली लपवले. मला ती हात बांधलेली मेली कॉट आठवली! मी लेकीच्या हातातून फोन हिसकावला आणि सिस्टरना लावला. त्या म्हणाल्या, औषध द्या, वीस मिनिटांत पोचते. मी औषध मोजून ह्यांच्या गालात सोडलं आणि त्या फोनवर बसले. अक्षरशः बसले, बूड टेकून. लेकीनं पंखा उचलून पुन्हा त्यांच्यासमोर धरला.

मग टेबलाखालचे त्यांचे हात वर काढून माझ्या हातात घेतले. "सोडा," म्हटलं, "हळू सोडा." मी फुंकर घालायची, मग त्यांनी घालायची. किती वेळ ते माहीत नाही. आपण बायको असून नवऱ्याला मारतोय की काय, हेच डोक्यात घोळत होतं. सिस्टर कधी येऊन दारात उभ्या राहिल्या तेही मला कळलं नाही. त्या पुढे आल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. ओठांचा जांभळेपणा हळूहळू कमी झाला. ह्यांनी मान टेबलावर टेकली आणि तिथूनच माझ्याकडे बघितलं.

"घाबरलीस?" त्यांनी विचारलं.

आमच्या घरात हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. मी घाबरले की ओरडायचे आणि हे घाबरले की चुका काढायचे, असाच संसार झाला. तिन्ही वेळा फोन मी त्यांच्यासाठी केला, असं मी जगाला सांगत आले. खरं तर मला त्या खोलीत भीतीबरोबर एकटं राहायचं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "फार."

त्यांनी दोन-तीन श्वास घेतले, सोडले. मग म्हणाले, "मी पण."

त्यानंतर आम्हाला नऊ दिवस मिळाले. त्या नऊ दिवसांत आम्ही दोघं जेवढं घाबरलो तेवढं एकमेकांना सांगितलं, आणि बरंचसं हसण्यावारी नेलं. दहाव्या दिवशी दुपारी ते गेले, घरीच, माझ्या हातात हात ठेवून. मी तेव्हाही घाबरले होते, आणि त्यांना तसं सांगितलं.